काडीमोड
माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, त्याची माफी असावी. ही वही कोणी वाचणार नाही, तरी लाज वाटते. आज झाडूसाठी माडाच्या झावळीच्या पात्यांमधून हीर, म्हणजे काड्या, काढताना एक हीर कडकन मोडला आणि नवऱ्याच्या घरचं ते अंगण आठवलं. तिथे गावकऱ्यांसमोर त्याने काडी मोडली, म्हणजे आमची सोडचिठ्ठी झाली. नुकतंच सारवलेलं अंगण अजून ओलं होतं, शेणाचा वास येत होता, आणि माझी चार वर्षांची मुलगी सासूच्या कडेवर आमसोल चोखत होती. गावातल्या जाणत्याने स्टॅम्पपेपर पुढे केला. "लग्नाचो खर्च साठ हजार. तो तू फेडीपर्यंत तुझा चेडू हयच रवतला." मी हळूच विचारलं, "कोर्टात इचारूक नको काय?" सासू हसली, "चौथी शिकलंस मा गो? सही करूक तेवढा पुरे." सगळे पुरुष माझ्याकडे बघू लागले, आणि त्या नजरा हटाव्यात म्हणून मी सही केली. खर्चापायी मूल अडकवून ठेवता येत नाही, हे कारखान्यात आलेल्या एका वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा सहा वर्षं उलटली होती, काजूच्या त्या कारखान्यात बिया फोडून माझी बोटं काळी पडली होती आणि एकच हप्ता उरला होता. आधीचे हप्ते त्या जाणत्याच्या हाती देत होते; शेवटचा द्यायला मी स्वतः त्या घरी गेले, तेव्हा मुलगी दारात आली, मला बघून आत वळली आणि म्हणाली, "आजये, कोणतरी बाई इली आसा." साठ हजार मात्र पूर्ण फिटले.