छातीवरचा हात

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत स्वतःच्या छातीवर जातो.

लिंबागणेशच्या अलीकडच्या एका शिवारातून ठाण्यात फोन आला, "साहेब, चुलतभावानं भोसकलं! आमी रंगेहाथ धरलाय, लवकर या." अंमलदाराने डायरीला नोंद घेतली, रुग्णवाहिकेला कळवले आणि आम्ही निघालो.

शेतात एक तिशीतला गडी धापा टाकत पडला होता. बरगडीत जखम, वर कुणाचा तरी टॉवेल. चुलतभावाला गर्दीने बदडून बसवले होते. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत रक्ताने माखलेला. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सकाळीच दोघांची जुंपली होती. कारण मिळाले, माणूस मिळाला. हत्यार मात्र मिळेना.

"कावून मारलं बे?" मी दरडावले.

"मी न्हाई, साहेब. बैलानं शिंग खुपसलं अन् पळाला. भोकातून फुसफुस हवा चाललती, म्हणून तळहात दाबून धरला. तवा कुठं त्याला दम घेता येऊ लागला. ह्यांनी मलाच ओढून काढलं."

"लई शहाणा हाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडले. बैल कुणीच पाहिला नव्हता. चुलतभावाला जीपमध्ये घातले.

मांजरसुंब्याहून रुग्णवाहिका आली. आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. जबाब घ्यायचा म्हणून मीही चढलो, जखमीची बायकोही चढली. बाईंनी जखमेवर प्लास्टिक ठेवून तीन बाजू चिकटवल्या आणि आतली हवा निघावी म्हणून चौथी मोकळी सोडली. तरीही बीडच्या वाटेवर त्याचे ओठ काळेनिळे पडले, मानेच्या शिरा टरारल्या.

"फुप्फुस मिटलंय, छातीत हवा कोंडलीय. ती आता काळीज दाबतेय," असे म्हणत त्यांनी लांब सुई काढली. "दवाखान्यापर्यंत थांबलो तर हा हाती लागणार नाही."

बायको किंचाळली, "अगं बाई, आधीच एक भोक पडलंय, तू आणिक कावून पाडायलीस?"

बाईंचा हात हलला नाही. दोन बरगड्यांच्या मधून सुई आत गेली आणि सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह सैल करावा तशी हवा फुस्स करून बाहेर आली. बघता बघता छाती वर आली, ओठांवर रंग चढला. बापरे! जन्मभर कमरेला पिस्तूल लावून फिरलो, पण एवढ्याशा सुईपुढे मी थक्क होऊन हात जोडले.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. पहिला शब्द काय? "पांढऱ्या घावला का?"

"कोण पांढऱ्या?"

"बैल. गोमाशी डसली म्हणून उधळला. त्याला मारू नका, साहेब."

बायको आ वासून बघत राहिली. मी चुलतभावाचे म्हणणे सांगितले, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यानं हात दाबला नसता तर मी यायच्या आतच हा गेला असता."

पांढऱ्या संध्याकाळी ओढ्याकाठी सापडला. पंचांसमक्ष पाहिले, तर शिंगाच्या टोकावरच्या पितळी शेंबीखाली रक्त होते.

दवाखान्याच्या दारात मी चुलतभावाला जीपमधून उतरवले. सकाळपासून त्याला शिव्याशाप देणारी जखमीची बायको पुढे आली. तिने तो रक्त वाळलेला हात धरून कपाळाला लावला आणि हुंदके देत राहिली. "वहिनी, रडू नका. दम हाय ना त्याला?" एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुणी "रंगेहाथ धरलाय" म्हटले की मी आधी विचारत असे, तो हात नेमका काय करत होता?