खालांची हुकलेली भेट

माझ्या भावाचं औषध तुरुंगात पोचलं ते खालांमुळे. त्यांचं नाव मला माहीत नाही, रांगेत सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. त्यांचा मुलगाही आतच आहे, म्हणून दर मंगळवारी भेटीच्या रांगेत आमची गाठ पडते. चष्मा पुसल्याशिवाय त्या कुणाशी बोलत नाहीत.

त्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी असूनही खिडकीतला शिपाई म्हणाला, "चहापाण्याशिवाय गोळ्या आत जात नाहीत." भावाला फिट येते. वाशीमहून आलेली, आठवीत शाळा सुटलेली मी, नुसती रडायला लागले.

खालांनी चष्मा पुसला. "अहो साहेब, फिटच्या गोळ्या नाकारल्या, एवढं लिहून द्या. खाली आपली सही. सावकाश लिहा, आम्हाला वेळच वेळ आहे."

गोळ्या आत गेल्या. खालांची भेट मात्र शिपायाने रद्द केली. "शिलाई पडलीच आहे घरी," एवढंच बोलून त्या निघाल्या.

एक दिवस त्यांच्यासाठी मी त्या खिडकीशी बोलेन, आवाज कापला तरी.