शेण कोण कालवणार

माझी आई माझं सोडून सगळ्या जगाचं ऐकते. पूर्वी हे मी हसत सांगायचे. लातूरची ती पोरगी आमच्या ऑफिसात आली आणि माझं हसू गेलं.

आमची संस्था माळरानं आणि झाडं राखण्याचं काम करते. नांदेडच्या ऑफिसात ‘हवामान बदल आणि ऊर्जा’ असा विभाग आहे, त्याची मी प्रमुख. नाव भारदस्त आहे, पण बिलोली, धर्माबाद, भोकरकडच्या गावांत त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. तिथं मी ‘गोबरगॅसवाल्या मॅडम’. सरपणासाठी झाडं तुटू नयेत आणि बायकांच्या छातीत धूर जाऊ नये, म्हणून गावोगाव शेणाच्या गॅसच्या टाक्या बसवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात मोठं काम. दिल्लीच्या बैठकीत मी मिथेनवर बोलते तेव्हा लोक माना डोलावतात. गावात बोलायला उभी राहिले की मागून कुणीतरी म्हणतं, “मॅडम, यंदा पानी हाय का न्हाई तेवढं सांगा.” त्याची सवय झाली.

सवय झाली नाही ती घरच्या चुलीची. बिलोली तालुक्यातलं आमचं गाव. एवढ्या गावांतल्या चुली थंड करून मी सुट्टीला घरी जायचे, तर आई तुराट्या पेटवून फुंकणीनं फूं फूं करत बसलेली. सिलिंडर आहे, पण त्यावर फक्त चहा. भाकरी चुलीवरच. खोकला तर असा की फोनवर बोलताना अर्धा वेळ मी तो ऐकत बसायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी धुरापासून लांब राहा म्हणून बजावलं होतं, ते तिनं त्यांच्यासमोर मान हलवून ऐकलं आणि घरी येऊन पहिली चूल पेटवली.

मी किती वेळा सांगितलं असेल. आपल्याकडे जनावर नाही म्हणून काय झालं, पलीकडच्या गल्लीत मालकांचा, गावच्या बड्या जमीनदारांचा, गोठा आहे, शेण हवं तेवढं. रोज एक पाटी आणायची, पाण्यात कालवायची, टाकीत सोडायची, संपलं. आई म्हणायची, “मला वास येतो.” मी गॅसला वास कसा नसतो ते समजावलं. मग जागा नाही म्हणाली. जागा दाखवली, तर गुडघे दुखायला लागले. संस्थेतले लोक तोंडावर बोलत नसत, पण स्वतःच्या आईला पटवता येत नाही ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. चहाच्या वेळी तिचा विषय निघाला की मी फाइल उघडायचे.

तशी आई पहिल्यापासून जरा नखऱ्याची. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि वस्तीत पहिली शहाबादी फरशी आमच्या घरात आली. वर पत्रे, न्हाणीला दार नाही, पण खाली फरशी. सणासुदीला शेजारच्या बायका शेणानं सारवायच्या, तेव्हा आमची आई ओलं फडकं घेऊन फरशी पुसायची. आमच्या घरात शेण येत नाही, हे मी शाळेत मैत्रिणींना मिरवून सांगायचे.

तर ती पोरगी. लातूरच्या ऑफिसातून माझ्या हाताखाली आली. निवडलीही मीच, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नावानं खडे फोडायचीही सोय नाही. बडबडी. दर दोन वाक्यांनी लातूर. क्लास लातूरचे, डाळ लातूरची, दुष्काळसुद्धा लातूरचाच खरा. “आम्ही रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय, ताई,” हे तिचं सगळ्या अडचणींवरचं उत्तर. दौऱ्यावर असताना एकदा दुपारी आमच्या घरी जेवायला थांबलो. ती खुर्ची सोडून थेट चुलीपाशी जाऊन बसली. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही आईला विचारतेय, आंबाडीच्या भाजीत लसूण आधी का नंतर. आईनं भाकरी फुगवली, वरचा पापुद्रा काढला, त्यावर तेल-तिखट लावलं आणि तिच्या ताटात ठेवला. तो पापुद्रा लहानपणापासून माझा. धाकट्या भावानं मागितला तरी आईनं त्याला कधी दिला नव्हता. मी माझ्या ताटातली भाजी चिवडत बसले.

त्या दिवशी ती आईला ‘मावशी’ म्हणत होती. पुढच्या खेपेला ‘आई’ म्हणायला लागली. पोर आईविना वाढली असेल, म्हणून कीव तरी करावी, तर तेही नाही. तिची आई लातुरात चांगली ठणठणीत आहे, नातवंडांत रमलेली. तरीही बिलोलीकडे काम निघालं की ही आमच्या घरी हजर. कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही. आईला फोन केला की माझी चौकशी राहिली बाजूला, ती पहिल्यांदा विचारायची, “ते लेकरू जेवलं का?” तुझं लेकरू इकडे आहे, असं म्हणावंसं वाटायचं. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? मी नुसतं “जेवली असेल” म्हणायचे आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. “ताई, तुमच्या गावची टाकी आईंच्या अंगणात नको. मालकांच्या गोठ्यातच बसवू. शेण त्यांनी टाकायचं आणि नळी वस्तीत आणायची.”

“का?”

“आईंनी सांगितलं म्हणून... तुम्हाला माहीतच असेल ना.”

“काय माहीत असेल?”

खाली बघत तिनं सांगितलं, आणि आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात लातूर आलं नाही. लग्न होऊन आई त्या गावात आली तेव्हापासून मालकांच्या गोठ्यात शेणकूर करायची. उजाडायच्या आत जाऊन गोठा झाडायचा, पाट्या भरायच्या, डोक्यावरून उकिरड्यावर न्यायच्या. पावसाळ्यात पाटीतलं पातळ शेण मानेवरून पदरात उतरायचं. बदल्यात मिळायच्या शिळ्या भाकरी, त्याही वरून पदरात टाकलेल्या. अंगणवाडीत नोकरी लागली तेव्हा मी रांगत होते. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की आपल्या उंबऱ्याच्या आत शेण येऊ द्यायचं नाही.

खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मला राग आला. माझ्या आईचं एवढं मोठं दुःख आणि ते मला लातूरच्या पोरीच्या तोंडून कळावं? तिला समोरून जा म्हणाले. दुपारची बैठक टाकली आणि मिळेल त्या बसनं गाव गाठलं.

आई उंबऱ्यात बसून तुरी पाखडत होती. मी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

“तिला सांगितलंस. मला का नाही?”

तिनं सूप खाली ठेवलं. कशाबद्दल, असं विचारलं नाही.

“ती परकी हाय म्हनून सांगितलं. तिनं ऐकलं, डोळे पुसले, बसमधी बसून निघून गेली. तुला सांगितलं आसतं तर जलमभर माझ्या हाताकडं बघत बसली आसतीस. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हनून तर ही फरशी केली माय.”

मग तीच हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसू. “आन तू एवढी शिकून साहेबीन झालीस आन माझ्यासाठी काय आनलंस? पाटीभर शेन. त्येबी त्याच गोठ्यातलं.”

मीही हसले. नंतर तिच्या पाठीशी बसून पुष्कळ रडले. ती तुरी पाखडत राहिली आणि मधेच म्हणाली, “चपला काढ आधी, फरशी पुसलीय मी.”

टाकी मालकांच्या गोठ्यात बसवायची, एवढं त्या पोरीचं बरोबर होतं. पण पुढचं काम मी तिला करू दिलं नाही. मालकांशी बोलायला एकटी गेले. थोरले मालक वारले, आता त्यांचा मुलगा मालक. तोही साठीचा. टाकीतून निघणारी मळी त्याला शेताला हवी होती, म्हणून तो तयारच होता. निम्मा गॅस त्याच्या घरात, निम्मा वस्तीत, हेही त्यानं मान्य केलं.

“शेण कोण कालवणार?” मी विचारलं.

“आमचा सालगडी हाय की. न्हाईतर वस्तीतली एखादी बाई लावू.”

“नाही. घरच्या माणसानं. तुम्ही, नाहीतर तुमच्या मुलांनी. ही संस्थेची अट आहे.”

अशी अट संस्थेची नव्हती. माझी होती. आता मात्र ती झाली आहे आणि कोणत्याही गावात गेले की हाच प्रश्न मी पहिल्यांदा विचारते. मालकांनी बराच वेळ कान खाजवला. शेवटी मळीच्या आशेनं हो म्हणाले.

टाकी बांधून झाली आणि पहिल्यांदा शेण भरायचा दिवस ठरला. गॅस यायला त्यानंतर काही आठवडे लागतात, म्हणून त्या दिवशी बघण्यासारखं काही नसतं. आईला तसं सांगितलंही. तिनं एवढंच विचारलं, “मालक सोता कालवनार?”

“स्वतः.”

“हातानं?”

“हातानं.”

“मग मी येते.”

विहारात जायची पांढरी साडी नेसून ती गोठ्यात आली. त्या गोठ्याची पायरी तिनं इतक्या वर्षांत चढली नव्हती. मालकीणबाईंनी खुर्ची आणून ठेवली, “बसा मावशी” म्हणाल्या, आणि आई मागे टेकून, पदर सावरून बसली. लातूरची पोरगी तिच्या खुर्चीला खेटून उभी होती. आईनं तिचा हात धरला होता. मी टाकीच्या तोंडाशी, नळीचा कॉक तपासत होते, आणि माझं सगळं लक्ष त्या धरलेल्या हाताकडे होतं. एवढं सगळं होऊनही माझा मत्सर जागचा हलला नव्हता.

मालकांनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. सिमेंटच्या छोट्या हौदात शेण ओतलं, पाणी ओतलं आणि नाक वर करून दोन्ही हात आत घातले. वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पदराआड हसत होत्या का, ते सांगता येणार नाही.

“मालक,” आई खुर्चीतूनच म्हणाली, “गुठळ्या राहून राहिल्या. खालून घाला हात.”

मालकांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग आणखी वाकले आणि खालून हात घातला.

आईनं तेव्हा त्या पोरीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मान वळवून तिनं गोठाभर नजर फिरवली आणि मी सापडले तिथं थांबली.

“बघितलंस का?” तिनं विचारलं. त्या पोरीला नाही, मला.