एव्हर्डिनाच्या घराचे पडदे

त्या वसंतात पालिकेची माणसं आली आणि रस्त्यापलीकडची एल्मची सगळी उंच झाडं कापून गेली. झाडांना रोग लागला होता, दुसरा इलाज नव्हता. एव्हर्डिनाला आधी बरंच वाटलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून बैठकीच्या खोलीत असं लख्ख ऊन तिनं पाहिलं नव्हतं. तिनं देवाचे आभार मानले आणि खिडकीच्या काचा आणखी एकदा पुसल्या.

पंधरवड्यात बैठकीतल्या माशांच्या टाकीत, पाण्यातल्या झाडांच्या पानांवर शेवाळ चढलं.

टाकी म्हणजे घराची शोभा. चर्चच्या मंडळींना दूरदर्शन मान्य नव्हतं, म्हणून दूरदर्शनच्या जागी हा काचेतला बगीचा. पुढं बुटकी झुडपं, मधून मागं चढत गेलेली लालसर पानांची रांग, तिच्या दोन्ही बाजूंना फिकट हिरवी दाटी. रविवारी कामाला बंदी: विणकाम नाही, सायकल नाही, कपड्याला साधं बटण लावायचंही नाही. दोन प्रार्थनांच्या मधल्या लांबलचक दुपारी एव्हर्डिना हात मांडीवर ठेवून टाकीसमोर बसे. देवाची करणी बघत बसणं हे काही काम नव्हे, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आता त्याच लाल रांगेवर हिरवी लव आली होती, पानांच्या कडांना शेवाळाचे केसांसारखे काळे धागे लोंबत होते. आणि शनिवारी परीक्षक यायचे होते. हौसेनं मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचे परीक्षक घरोघर जाऊन टाक्या बघतात, गुण देतात. गेल्या वर्षी सावली असूनही एव्हर्डिनाची टाकी थोड्याशा शेवाळापायीच मागं पडली होती.

नवरा यानेस तागाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. त्याला मिळायची पायपेटी इथं जागा नाही म्हणून बहिणीकडंच पडून होती. तो म्हणालाच होता, "यंदाही नाही जमलं तर टाकी भावाला देऊन टाकू. तिच्या जागी पायपेटी छान बसेल. रोज स्तोत्रं म्हणू."

स्तोत्रांना नको कसं म्हणायचं? रात्रीच्या प्रार्थनेत एव्हर्डिनानं शेवाळ जाऊ दे म्हणून मोठ्यानं मागणं मागितलं.

"अगं, देवानं सृष्टी घडवताना तिसऱ्या दिवशी झाडंझुडपं केली, त्यात शेवाळही आलं," यानेस बटाटा सोलता सोलता म्हणाला. "ते काढणारी तू कोण?"

"तणही त्यानंच केलं. तरी तू वाफ्यात खुरपं घेऊन बसतोसच ना?"

सोमवारी तिनं बाह्या वर केल्या. फार माखलेली पानं मुळापाशी खुडली. उरलेली पाण्यातच दोन बोटांत धरून हलकेच चोळली. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, अर्धं पाणी बदललं, टाकीवरचे दिवे उशिरा लावायचं ठरवलं. पण सकाळी नऊ वाजले की ऊन थेट टाकीवर येई, आणि सगळी मेहनत पाण्यात. टाकी हलवावी तर ती पाण्यानं भरलेली, जागची हलणारी नव्हती. शेवटी मंगळवारी सकाळी तिनं मन घट्ट केलं आणि रस्त्याकडचे पडदे ओढून घेतले.

कॉफी गाळते आहे तोच मागचं दार उघडलं. शेजारची स्तीना. अंगात काळा पोशाख, हातावर घडी केलेली पांढरी चादर, डोळे भरलेले. एक शब्द न बोलता ती आत आली, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरून थांबवला आणि चादर आरशावर टाकली. कुणी गेलं की सगळ्यात जवळच्या शेजाऱ्यानं हे सगळं करायचं असतं.

"डीना, माझे बाई," ती एव्हर्डिनाला मिठी मारत म्हणाली, "कधी गेला गं?"

"कोण?"

"यानेस! अजून कोण? कुठं निजवलायस त्याला?"

तेवढ्यात यानेस शेडमधून सफरचंद खात आत आला. "घड्याळ का थांबलं?"

स्तीना किंचाळली. मग खुर्चीत बसली, आणि घाबरण्याचं रूपांतर रागात झालं. "मेल्या, जिवंत आहेस तर भरदिवसा मयताच्या घरासारखे पडदे का लावलेस? पाववाल्यानं फाटकाशी टोपी काढली! माझ्या नवऱ्यानं चर्चच्या घंटेचं विचारायला सायकल काढलीय!"

"शेवाळापायी," एव्हर्डिना म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"शेवाळ मेलंय?"

"मरत नाहीये, तेच तर दुखणं आहे!"

यानेस हसता हसता ठसकला. एव्हर्डिनानं सगळं सांगितलं, पायपेटीसकट. स्तीनानं कॉफी ढवळली. "पडदे उघड. शनिवारपर्यंत लावून ठेवलेस तर गाव म्हणेल, एकतर मेलेत नाहीतर काही लपवतायत. ऊनच अडवायचंय ना? मग माझी ती कुंड्यांतली, तलवारीसारख्या उभ्या पानांची झाडं कशाला आहेत?"

दुपारपर्यंत अर्धी आळी कुंड्या घेऊन आली. काहींना वाईट बातमी आधी पोचली होती, खुलासा मागाहून; त्यांनी यानेसचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर हिरवी भिंत उभी राहिली. पडदे उघडे, ऊन बाहेर, टाकी सावलीत.

शनिवारी परीक्षक ओव्हरवेख आले. गुडघ्यांवर बसून एकेक पान न्याहाळू लागले. यानेस खोकला, एव्हर्डिनानं त्याच्याकडं डोळे वटारले.

"शेवाळ?" त्यांनी विचारलं.

तिला 'नाही' म्हणता आलं असतं. "मागच्या दगडाच्या आड आहे थोडं, साहेब. डावीकडून वाकलात तर दिसेल."

ते वाकले, बघितलं, उठून कपडे झटकले. "दगडावर असू दे. पानं स्वच्छ आहेत, आणि नवी पालवी निरोगी आहे. जिल्ह्याच्या फेरीला तुमचं नाव पाठवतो."

ते गेल्यावर यानेस टाकीकडून बायकोकडं वळला.

"बहिणीला काय सांगू?"

"सांग, पायपेटी स्तीनाकडं पाठव," एव्हर्डिना म्हणाली. "कुंड्या इकडं आल्यापासून तिच्याकडं जागाच जागा आहे."