मोरी आली की उतरणारे हवालदार

केळव्याहून निघालेली गाडी बोईसरला कधी पोचेल हे सांगायला घड्याळ पुरतं; पण गाडी कृष्णकांत हवालदार चालवत असतील तर पंचांग काढावं लागतं, असं त्यांच्या बायकोचं, विजयाताईंचं म्हणणं.

हवालदारांनी सैन्यात सगळी उमर मोठ्या गाड्या चालवल्या. हात इतका सफाईदार की शेजारी बसलेल्याच्या पेल्यातला चहा हिंदकळत नसे. निवृत्त होऊन ते गावी आले, नारळी-सुपारीची वाडी बघू लागले, दारात एक जुनी ओम्नी आली. सगळं छान होतं. फक्त रस्त्यात मोरी, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, आली की गाडी बाजूला लागायची. "जरा जाऊन येतो," म्हणून हवालदार उतरायचे आणि रस्त्याखाली दिसेनासे व्हायचे. पुढची मोरी आली की पुन्हा तेच.

विजयाताईंनी मनाशी निदान करून टाकलं. नवऱ्याला साखर झाली! चहा फिका झाला, भात आटला, सकाळी उठल्या उठल्या कारल्याचा रस पुढ्यात येऊ लागला. हवालदारांनी हूं की चूं न करता तोही प्यायला. शेवटी पालघरला नेऊन रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वहिनी, यांची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे. पेढे द्या यांना."

मग हा माणूस उतरतो कशाला?

लेकीच्या, जागृतीच्या मुलाचं बारसं होतं सरावलीला. त्या दिवशी मात्र पालघर सोडल्यावर हवालदार उतरले, तशा विजयाताईही निऱ्या सावरत पाठोपाठ उतरल्या. बघतात तर नवरा मोरीच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून आत डोकावतोय. इस्त्रीचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"अवो, काय शोधता तुमी?"

"वायर."

विजयाताईंनी वाकून पाहिलं. आत एक प्लास्टिकची बाटली होती आणि एक खेकडा. खेकड्याने त्यांच्याकडे पाहिलं नि तो आत सरकला.

"वायर नाय हो इथं," त्या हळूच म्हणाल्या.

"माहीत हाय मला," हवालदार म्हणाले. "तरी बघायला लागते."

सरावलीला पोचले तेव्हा बाळाला नाव ठेवून झालं होतं आणि पाहुणे हवालदारांना नावं ठेवत होते. जागृती रुसून बसली. वाटेत काय झालं ते विजयाताईंनी कुणालाच सांगितलं नाही, पण त्यांच्या जिभेवरची थट्टा त्या दिवशी गेली.

पुढे कोळगावला जिल्हा मुख्यालयात माजी सैनिकांचा मेळावा भरला. तिथे प्रतीक्षा नावाची एक समुपदेशक मुलगी बोलायला उभी राहिली. कामाला होती नाशिकला. म्हणाली, लढाईतून माणूस घरी येतो, पण कधी कधी मन मागेच पहाऱ्यावर उभं राहतं. त्याला परत आणता येतं. त्यासाठी मुंबई-पुण्याला खेपा नकोत. मोबाइलवर समोरासमोर बोलू.

"मी काय वेडा हाय?" गाडीत बसल्याबरोबर हवालदार म्हणाले.

"वेडे कशाला? पण नसलेली वायर बघायला उतरता ना? मग दाखवायला काय हरकत हाय? आणि मुंबईच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं तर वाटेत मोऱ्या किती!" विजयाताईंनी नंबर आधीच आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतला होता.

आता अडचण आली रेंजची. सुपारीच्या बागेत मोबाइल म्हणजे नुसता आरसा. गच्चीवर गेलं तर शेजारच्या प्रेमलाकाकू वाळवण राखायला हजर, आणि त्यांच्या कानाला रेंजची गरज नव्हती. अखेर खाडीकडच्या चढावर चांगली रेंज सापडली. हवालदार तिथे ओम्नी उभी करायचे, काचा वर, मोबाइल स्टिअरिंगपुढे टेकवलेला. पहिल्या दिवशी प्रतीक्षाला त्यांचं अर्धं कपाळ आणि गाडीचं छत दिसलं.

"काका, थोडं खाली करा."

"जी मॅडम."

"झोप कशी लागते?"

"ठीक हाय मॅडम."

सगळ्याला "ठीक हाय मॅडम". मग तिने सुपारीचं विचारलं. ती कधी उतरवतात, किती दिवस वाळवतात, चांगली कशी ओळखायची. हवालदार खुलले. पुढच्या खेपेला त्यांनी सोललेली सुपारीच कॅमेऱ्यापुढे धरली. असं होता होता एके दिवशी, न विचारताच, त्यांनी सांगून टाकलं. काश्मीरमध्ये गाड्यांचा ताफा चालला होता. पुढच्या गाडीत रंगनाथ होता, जामखेडकडचा, त्यांचा जिवाचा दोस्त. मोरीवर त्याची गाडी आली आणि खालून स्फोट झाला.

"त्या दिवशी पुढं माझी गाडी जायची होती," हवालदार म्हणाले. "माझं इंजिन चालू व्हायला उशीर लागला. तो हसला नि पुढं गेला."

 प्रतीक्षा म्हणाली, "काका, हे आजवर कुणाला सांगितलंत?"

"तुमालाच."

घरी येऊन त्यांनी विजयाताईंना सांगितलं. त्या नारळ सोलत होत्या. तो अर्धा सोललेला तसाच राहिला.

मग सराव सुरू झाला. आधी मोरीजवळ गाडी थांबवायची आणि उतरायचं नाही, नुसता श्वास मोजत बसायचं. नंतर मोरी हळूच ओलांडायची. शेजारी विजयाताई. त्यांना प्रतीक्षाने सांगितलं होतं, गप्पा मारा. हे काम त्यांना शिकवावं लागलं नाही. एकदा बोईसरच्या नाक्यावर ट्रकचा टायर फुटला आणि हवालदार क्षणात दार उघडून रस्त्यावर पालथे. ट्रकवाला धावत आला, "चाचा, लगा क्या?" त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी किल्लीला हात लावला नाही. "बघा मॅडम, पाणी पालथ्या घड्यावर," चढावर चालत जाऊन ते मोबाइलवर म्हणाले. "घडा गळत असेल, पालथा नाहीये," प्रतीक्षा म्हणाली. "उद्या गाडी घेऊन फक्त खाडीपर्यंत या." ते गेले.

पुन्हा सरावलीला जायचा दिवस आला. या खेपेला हवालदार एकाच मोरीवर उतरले, तेही पुरं वाकले नाहीत. नातवाला मांडीवर घेऊन जेवायला बसले, तेव्हा जागृती आईकडे बघत राहिली.

एक काम मात्र प्रतीक्षाने सांगूनही त्यांनी पुढे ढकललं होतं: रंगनाथच्या घरी फोन. शेवटी एका दुपारी खाडीकडच्या त्याच चढावर बसून त्यांनी तो लावला. पलीकडून म्हातारा आवाज आला, "कोन बोलतंय?"

"कृष्णकांत. रंगनाथचा..."

"केळव्याचा किस्ना व्हय?" रंगनाथच्या आई म्हणाल्या. "रंग्या लई सांगायचा तुजं. म्हनायचा, त्याच्या गावाला समिंदर हाये. इतकी वर्सं कुठं व्हतास लेकरा?"

चैत्रात त्या थोरल्या मुलाबरोबर केळव्याला आल्या. त्यांना आणायला हवालदारच पालघर स्टेशनवर गेले. सारा रस्ता आई लहानपणीच्या रंग्याच्या खोड्या सांगत होत्या आणि हवालदार हसत गाडी हाकत होते. संध्याकाळी त्यांना किनाऱ्यावर नेलं. भरती चढत होती. नऊवारीचा काष्टा आवरत आई पाण्यात घोट्यापर्यंत उतरल्या, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थू थू करत मागे सरल्या.

"आरं देवा! आमच्याकडं हंड्याला रांगा, आन् हितं एवढं पानी न् समदं नासलेलं!"

विजयाताईंना हसू आवरेना. हवालदार पळत गेले आणि शहाळं फोडून घेऊन आले.