व्याह्यांची पाठ

माझी नातसून निकिता टीव्ही बघायची ती आवाज बंद करून. लग्न होऊन नाशिकरोडला आली तेव्हा मला वाटलं, पोरीला कमी ऐकू येतं. मालिकेत भांडण ऐन रंगात आलं की ही चित्र थांबवायची आणि पडद्यापुढं जाऊन बसायची.

"अगं, पुढं काय म्हणाली ती सासू?"

"ते सोडा हो आजी. ती केवढी मोठी दिसते बघा. कॅमेरा खाली ठेवलाय. आणि सून पार कोपऱ्यात."

"सुनेला कोपऱ्यात घालायला कॅमेरा कशाला लागतो बाई?"

हसली, पण चित्र काही पुढं सोडलं नाही.

फोटो काढायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. नामपूरला माहेरी भावाला क्लास लावला, हिला नाही. मग हिनं टीव्हीलाच मास्तर केलं. माणूस जिकडं बघतो तिकडं जागा मोकळी ठेवायची. दोघं बोलत असले तर एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याचा चेहरा धरायचा. मी शाळेत जेमतेम गेलेली, पण बघून बघून मलाही कळायला लागलं. गवार मोडताना माझा एक फोटो काढला तिनं. तो पाहून वाटलं, अशी दिसते होय मी!

माझे दीर खंडेराव, त्यांच्या नातीचं, पल्लवीचं लग्न निफाडच्या मुलाशी ठरलं. फोटो मीच काढते म्हणून निकिता हटून बसली. कॅमेरा तिचाच, लग्नाआधी नोकरी करून घेतलेला. पण माझा नातू हर्षल, एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला, त्यानं सुनावलं, "हे लग्न नीट काढलंस तर पुढं बाहेरची कामं घे. नाहीतर कॅमेरा कपाटात, आणि पुन्हा विषय नको."

आमच्यात व्याहीभेटीला दोघं व्याही गळाभेट घेतात आणि मग फोटोसाठी तोंडं पुढं करून तसेच उभे राहतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण निकिताचा मास्तर टीव्ही. गळाभेट झाली तशी ही गेली निफाडच्या व्याह्यांच्या मागं, खांद्यावरून खंडेरावांचा चेहरा धरला. ते तोंड पुढं करेपर्यंत ही फोटो काढून स्टेजवरून खालीही उतरली. बँड वाजला, भेट संपली.

अल्बम घेऊन आम्ही गेलो तेव्हा निफाडचे व्याही खंडेरावांकडंच जेवायला होते. पान उलटलं आणि त्यांचा हात थांबला.

"आम्ही काय पाठ दाखवायला आलो होतो?"

खंडेराव माझ्यावर उखडले. "वहिनी, तुमच्या नातसुनेनं सोयऱ्यांत माझी शोभा केली!"

"तात्या, तुमचे डोळे बघा ना," निकिता म्हणाली. "नात द्यायची म्हणून कसे भरून आलेत."

"माझं थोबाड मला आरशात दिसतं. व्याह्यांचं कुठंय?"

हर्षलनं घरी आल्यावर कॅमेरा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली.

आता निकिता स्टेशनजवळच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढते. मागं पांढरा पडदा, तोंड मधोमध, दोन्ही कान दिसले पाहिजेत. नोकरी आहे म्हणून हर्षल खूश.

यंदा खंडेराव गेले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. देवळातून येताना बघते तर निकिता त्याच्यापुढं उभी. फोटो तोच, व्याहीभेटीचा. बाकी सगळ्या फोटोंत खंडेराव आपले खांबासारखे ताठ, मग घरच्यांनी हाच उचलला. तिला विचारलंही नाही. व्याह्यांना कापून टाकलं आणि ढग चिकटवले. कापणाऱ्याच्या हातून व्याह्यांच्या फेट्याचा तुरा तेवढा राहून गेला, तो तात्यांच्या हनुवटीशी लोंबत होता.

"जागा उलटी सोडली आजी," निकिता म्हणाली. "तात्या जिकडं बघतात तिकडं मोकळं काहीच ठेवलं नाही."

तात्यांच्या पाठीकडं मात्र भाऊबंदांच्या फोटोंची गर्दी होती. त्यात हर्षल, गॉगल लावून.

"मी मागते त्याच्याकडं किल्ली," मी म्हटलं.

"राहू द्या. कॅमेऱ्याच्या काचेला आतून बुरशी आली असेल आता."

घरी येऊन तिनं मला चहा दिला आणि टीव्ही लावला. मालिकेत भांडण चाललं होतं. तिनं आवाज बंद केला नाही. भाजी निवडत बसली, पडद्याकडं पाठ करून.