एकेचाळिसाव्या पत्राची प्रत

आमच्या संस्थेचा मुख्य संगणक वाशीमला आहे. त्यावर युनिक्स ही प्रणाली चालते आणि मंगरूळपीर शाखेतले दोन टर्मिनल नेटवर्कवरून त्याला जोडलेले आहेत. ही जोडणी करणारी टेलनेट नावाची जुनी सेवा पासवर्डसुद्धा उघडाच वाहून नेते. ती बंद करून सर्व मजकूर सांकेतिक करून नेणारी एसएसएच सेवा सुरू करावी, अशी मागणी मानद सचिव या नात्याने मी दीड वर्ष लेखी करीत होतो. पोच मिळे, उत्तर कधीच नाही.

संस्थेच्या निवडणुकीच्या मतदार यादीवर हरकती घेण्याच्या शेवटच्या दिवशी शिरपूरच्या एक वृद्ध सभासद बाई वाशीमच्या कार्यालयात आल्या.

"माह्यं नाव कायले काढलं जी?"

पाचच्या आत नाव परत चढले नाही, तर त्यांचे मत जाणार होते.

संगणक सांभाळणाऱ्या मॅडमनी नोंदी उघडल्या. "काका, नाव तुमच्याच लॉगिनमधून निघालं. परवा साडेअकराले, मंगरूळच्या टर्मिनलवरून."

त्या वेळी मी इथे वाशीमच्या न्यायालयात बसलो होतो. हजेरीचा कागद मी टेबलावर आपटला आणि फौजदारी तक्रारीचा मसुदा तोंडीच सुरू केला. "माझा पासवर्ड परमेश्वरालाही ठाऊक नाही!"

"परमेश्वराले नसंल. समद्या संचालकायले हाये."

त्यांनी फायलीतून माझे एकेचाळिसावे पत्र काढले. टेलनेटवरून काय काय उघडे जाते, हे सिद्ध करण्यासाठी मी त्यात माझा पासवर्ड जसाच्या तसा उद्धृत केला होता. पुराव्याशिवाय आरोप करू नये, हा माझा नियम. खाली माझ्याच अक्षरात होते: प्रत माहितीस्तव, सर्व संचालक.

"अन् मंग बदलला काहून नाई?"

"उत्तराची वाट पाहत होतो."

त्या हसल्या नाहीत. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. "रागवा नंतर. आधी नाव चढवाची परवानगी लिहून द्या."

मी लिहीत असताना त्यांनी माझा पासवर्ड बदलला आणि एसएसएच सुरू केले. टेलनेट लगेच बंद करा, असे मी ओरडलो.

"थांबा न, काका! नवीन रस्त्यानं मंगरूळवाला आत आल्याबिगर जुना बंद केला, तं तो बाहेरच राहीन."

फोन कानाशी धरून त्या थांबल्या. पलीकडून "आलो, मॅडम" ऐकू आल्यावरच त्यांनी संगणकातल्या सेवांच्या फाईलमध्ये टेलनेटच्या ओळीआधी एक खूण घालून ती ओळ निकामी केली. नाव चढले तेव्हा पाचला बारा मिनिटे कमी होती.

तोवर मी संचालक मंडळाला आणखी एक पत्र लिहिले होते. नाव कोणी काढले याची चौकशी व्हावी; मात्र दार मी उघडे टाकले. त्याची पहिली प्रत मी बाईंपुढे धरली.

"मले चिठ्ठी नको जी. यादी दाखवा."

यादी छापून, सही-शिक्क्यानिशी दिली. आपल्या नावावर बोट ठेवून त्यांनी ते दोनदा वाचून घेतले आणि कागद पिशवीत घालून त्या बसस्थानकाकडे निघाल्या.

पत्राच्या तळाची जागा कोरीच होती. मग लिहिले: प्रत माहितीस्तव, सर्व संचालक.